मागच्या फळीचा मास्तर

मी आयुष्यात एकच गोल केला, आणि तोही आमच्याच बाजूवर. मुंबईच्या एका कारखान्याच्या टीममधून मी फुलबॅक म्हणून खेळायचो. नोकरीही मला खेळासाठीच दिलेली होती. दिवसा भट्टीजवळ हातगाडी ओढायची आणि संध्याकाळी मैदानावर जायचं. टीममध्ये गोव्याकडचा एक म्हातारा किरिस्ताव फुलबॅक होता, त्याने मला सगळं शिकवलं. तो म्हणायचा, "पुढचो चुकलो तर लोक हळहळतत. मागचो चुकलो तर आवशीवरून शिव्यो घालतत. ज्येका ह्या सोसता, तेनाच मागे उभा रवाचा." मला सोसत होतं. सात वर्षं खेळलो. मग एका सामन्यात उजव्या गुडघ्याची वाटी सरकली ती कायमची. गुडघा गेला आणि त्यामागून नोकरीही गेली. ट्रंक घेऊन मी बोटीने मालवणला उतरलो, तेव्हा मला पडावातून किनाऱ्यावर उतरवायलाही दोघे जण लागले.

घरी भाऊ शेती बघत होता. मला नांगर धरता येत नव्हता. तीन-चार वर्षं मी काजूच्या बिया गोळा करणं, दगडांचे गडगे घालणं असलीच कामं करीत काढली. मग आमच्या बाजूला कॉलेज निघालं. तोपर्यंत शिकायचं तर मुलांना कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागे. गावातल्या एका शिक्षकांच्या ओळखीने मला तिथे रसायनाच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून घेतलं. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, तास सुटला की टेबलं पुसायची. बसून-उठून करण्यासारखं काम होतं, माझ्या पायाला झेपणारं.

कॉलेजच्या खालच्या अंगाला भाताचा मळा होता. कापणी झाली की तो मळा मुलांच्या ताब्यात येई. दिवाळीनंतर तिथे दोन्ही टोकांना बांबू रोवून गोल करीत. भाताची खोडकी पायाला टोचत, आणि मुलं अनवाणीच खेळत. मी संध्याकाळी बांधावर बसून बघायचो. एक दिवस राहवलं नाही. दोन्ही फुलबॅक एकदम चेंडूवर धावले, मागे सगळं रान मोकळं. मी ओरडलो, "एकटो जा रे! दुसरो थयच रव!"

खेळाचे सर वळून बघायला लागले. ते पदवी घेऊन आलेले, पांढऱ्या पँटीतले, तरुण. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्यांनी जवळ येऊन विचारलं, "तुम्ही खेळला आहात का?" मी मुंबईचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतलं आणि सांगितलं, की संध्याकाळी एक तास मैदानावर जात जा. पुढची मुलं सर बघतील, मागची तुम्ही बघा.

अशी माझी खरी नोकरी सुरू झाली असं मी मानतो. कागदावर ती कधीच नव्हती. मुलं सरांना सर म्हणत आणि मला मास्तर. प्रयोगशाळेत मला हाक मारणारे प्राध्यापकसुद्धा हळूहळू "मास्तर, जरा ती बाटली" असं म्हणायला लागले. बायको हसायची. म्हणायची, "नळ्यो धुतात आणि मास्तर म्हणान घेतात." पण माझा सदरा ती त्या दिवसांत जरा जास्त निगुतीने धुवायची.

पहिल्या वर्षी जी मुलं मिळाली ती अशीतशीच होती. दुसऱ्या वर्षी दोघे आले. एक धामापूरचा आणि एक देवबागचा. मी त्यांची नावं लिहीत नाही. त्यांच्या घरची माणसं अजून आहेत.

धामापूरचा शेतकऱ्याचा मुलगा. उंच, रुंद खांद्यांचा, बोलणं कमी. बापाबरोबर चिखल तुडवून त्याच्या पोटऱ्या लाकडासारख्या झालेल्या होत्या. देवबागचा मासेमारीच्या घरातला, बुटका आणि चपळ, तोंडाने अखंड चालू. तो वाळूत धावून वाढला होता, त्यामुळे मळ्यात त्याला पंख फुटल्यासारखं होई. दोघांनी मिळून बाजारामागे एक खोली घेतली होती. सकाळी पेज आणि सुकटीची चटणी, रात्री भात. शनिवारी कधी एकाच्या घरून नारळ येत, कधी दुसऱ्याच्या घरून सुके बांगडे.

मी त्यांना पहिल्यांदा बोलायला शिकवलं. मागे खेळणाऱ्याने मुका राहून चालत नाही. चेंडू वरून आला की ज्याचा असेल त्याने ओरडायचं, "माजो!" दुसऱ्याने सरकून त्याच्या मागे जायचं. एक पुढे गेला तर दुसऱ्याने म्हणायचं, "तू जा, मी आसंय." धामापूरच्याला हे ओरडणं जमायला दोन महिने लागले. लाजायचा. पहिल्यांदा तो मोठ्याने "माजो!" म्हणाला तेव्हा बांधावर गुरं राखणारी माणसं हसली. तो कानापर्यंत लाल झाला, पण चेंडू त्याने सोडला नाही.

उंची होती म्हणून त्याला मी डोक्याने चेंडू मारायला शिकवला. मी गडग्यावर चढून उभा राहायचो आणि वरून चेंडू टाकायचो. त्या वेळचा चेंडू कातड्याचा, तोंडाशी वादी बांधलेली. वादीची गाठ कपाळावर बसली की सालटं निघे. त्याच्या कपाळावर सतत एक खपली असायची. "दुखता काय रे?" विचारलं तर म्हणायचा, "नाय मास्तर, टाका." मी टाकत राहायचो. पन्नास, साठ, कधी त्याहून जास्त. डोळे मिटायचे नाहीत, मान घट्ट ठेवायची, कपाळाच्या मधोमध घ्यायचा. तो सगळं ऐकायचा. मला मुलगा नव्हता. दोन मुली होत्या. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला आपला मुलगा वाढतोय असंच वाटायचं.

त्या सुमारास गोवा मोकळा झालेला होता. इतकी वर्षं बंद असलेली वाट उघडली आणि तिकडच्या टीमा एस्टीने आमच्याकडे खेळायला यायला लागल्या. त्यांच्या रक्तातच फुटबॉल. आम्ही त्यांच्याकडून चार-चार, पाच-पाच गोल खात असू. पण हे दोघे मागे उभे राहिल्यापासून आकडा खाली यायला लागला. चारचे दोन झाले, दोनाचा एक झाला. बाजारात लोक मला थांबवून विचारीत, "मास्तर, ह्या आयतवारी कोण येतत?"

त्या जानेवारीत गोव्याच्या एका कॉलेजची टीम आली. रविवार होता. मळ्याच्या चारही बाजूंना माणसं उभी होती, काही बैलगाड्यांवर चढलेली. अर्ध्या वेळेपर्यंत गोल नाही. नंतर आमच्या पुढच्या एकाने लांबून मारलेला चेंडू त्यांच्या गोलकीपरच्या हातातून निसटून आत गेला. मळ्यात जो आरडाओरडा झाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही.

आता उरलेला वेळ आम्हाला फक्त थोपवायचं होतं, म्हणजे काम माझ्या दोघांचं होतं. ते लोक चवताळून येत होते. एक चेंडू उंच आला. धामापूरचा ओरडला, "माजो!" आणि उडी मारली. त्यांचा एक दांडगा गडी धावत आला आणि त्यानेही उडी मारली. दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. बांधापर्यंत आवाज आला. त्यांचा माणूस डोकं धरून बसला. आमचा आडवा झाला.

मी लंगडत धावलो. त्याला धरून कडेला आणलं, तोंडावर पाणी मारलं. रक्त नव्हतं. कानाच्या वर जरा सुजलं होतं, एवढंच. त्याने डोळे उघडले. त्या काळी बदली खेळाडू घ्यायची पद्धत नव्हती. एक बाहेर बसला की बाकीच्या दहांनीच खेळायचं. मी विचारलं, "कसो आसंस रे?"

"बरो आसंय."

"खेळतलंस?"

त्याने मान हलवली. उठून उभा राहिला. मग इकडेतिकडे बघून मला म्हणाला, "मास्तर, आपण खंयच्या बाजूक खेळतंव?"

मी हसलो. हे मला लिहायलाच हवं, की मी हसलो. मला वाटलं, अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलतात, पोरगा गडबडला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि टोकाच्या काजूच्या झाडांकडे हात केला, "त्या काजींकडचो गोल आपलो. जा, तुजो जोडीदार एकटो पडलो."

तो गेला. आणि चांगला खेळला. आणखी दोन उंच चेंडू त्याने डोक्याने परतवले. आम्ही एका गोलाने जिंकलो. लोकांनी त्या दोघांनाच खांद्यावर घेतलं. मागच्या फळीतल्या मुलांना कोणी खांद्यावर घेतल्याचं मी पहिल्यांदा बघत होतो, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी जाऊन बायकोला मी सगळा सामना सांगितला. तो प्रश्नही सांगितला, गंमत म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, "डोक्याक लागला आणि तुमी परत धाडलात?" मी म्हटलं, "तुका खेळातला काय कळता?"

सोमवारी सकाळी मी नळ्या धूत होतो. देवबागचा धावत आला. "मास्तर, तो उठणा नाय." आम्ही खोलीवर गेलो. तो घोरत होता, फार जोरात, आणि हाकेला ओ नव्हती. डोळ्यांतली एक बाहुली मोठी झालेली, एक बारीक. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले, डोळे उघडून बघितले आणि म्हणाले, "इथे काही होणार नाही. बेळगावला न्या, आत्ताच्या आत्ता." एका लाकूडवाल्याचा ट्रक मिळाला. मागे पेंढा पसरला, वर चटई घातली. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. देवबागचा पायाशी बसला होता आणि वळणावर वळणावर त्याचे पाय घट्ट धरीत होता. आंबोलीचा घाट चढताना ते घोरणं थांबलं. मी त्याच्या नाकाशी बोटं धरून बघितली. मग ड्रायव्हरच्या काचेवर हात मारला. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. ट्रक तिथेच वळवला.

कॉलेजात सभा झाली. प्राचार्य बोलले, सर बोलले. सर म्हणाले की तो शेवटच्या क्षणापर्यंत लढला. मला बोलायला कोणी सांगितलं नाही आणि ते बरं झालं.

परीक्षा संपल्यावर देवबागचा खोली सोडून निघाला. मी त्याला एस्टी स्टँडवर पोचवायला गेलो. त्याने सामन्यानंतर चेंडूला पाय लावला नव्हता. गाडी यायच्या आधी तो म्हणाला, "मास्तर, एक सांगू? त्या दिसा खोलीकडे जाताना तेना माका इचारल्यान, 'आपण जिंकलंव काय?' मी सांगलंय, हो. परत थोड्या येळान तेना ताच इचारल्यान. माका वाटला, मस्करी करता."

मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. विचारलं, "ह्या कोणाक सांगलंस?"

"नाय."

"बरा," मी म्हटलं.

त्या 'बरा'ची मला अजून लाज वाटते. तो पोरगा माझ्याकडे काहीतरी मागत होता. मी त्याला सांगायला हवं होतं, की मलाही त्याने विचारलं होतं, आणि मी जाणता होतो, तू नव्हतास. गाडी आली, तो चढला. पुढच्या वर्षी तो परत आला नाही. मुंबईला गोदीत लागला असं कळलं.

पावसाळ्याच्या तोंडावर धामापूरहून त्याचे वडील आले. प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहिले, चपला हातात घेऊन. मी त्यांना स्टूल दिलं, पण ते बसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, माज्या झिलाचो खेळ मी कदी बघूक नाय. शेतातना सवड गावली नाय. खेळायचो कसो तो?"

मी सांगायला लागलो. सांगता सांगता उठलो आणि टेबलांच्या मधल्या जागेत करून दाखवायला लागलो, तो कसा उभा राहायचा, कसा तिरका सरकायचा, कसा ओरडायचा. ते एकटक बघत होते. "इतको मोठ्यान आराडायचो?" त्यांनी विचारलं. "घरात तर तोंड उगडूचो नाय." आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. जाताना म्हणाले, "सवड झाली तर येवा घराक. तेच्या आवशीक पण सांगा."

मी गेलो. नंतर दर दोन-तीन महिन्यांनी जात राहिलो. तळ्याच्या वरच्या बाजूला त्यांचं घर होतं. दारासमोरच्या खळ्यात बसायचं, काळा चहा यायचा, आई दाराच्या आत बसायची, आणि मी खेळाच्या गोष्टी सांगायच्या. शेवटचा सामना त्यांना परत परत ऐकायचा असे. मी सांगायचो: उंच चेंडू आला, त्याने उडी मारली, डोकं आपटलं, तो पडला, उठला, आणि पुन्हा मैदानात गेला. "कोण थांबवतलो तेका," वडील म्हणायचे. मधली ती दोन वाक्यं, त्याचा प्रश्न आणि माझं उत्तर, मी दर वेळी वगळत होतो.

मैदानावरचं काम मी सोडलं नव्हतं. पण एक नियम मी मनाशी केला होता. डोक्याला लागलं की तो बाहेर, मग दहा जणांनी खेळायचं की नऊ, ते बघायचं नाही. त्यानंतरच्या वर्षी दोनदा मी असं केलं आणि दोन्ही सामने गेले. मुलं रागावली. त्याच्या पुढच्या वर्षी कोल्हापूरकडच्या एका कॉलेजशी महत्त्वाचा सामना होता. बरोबरीत चाललेला. आमच्या फुलबॅकला कोपर लागलं, भुवईच्या वर. तो म्हणत होता, मी बरा आहे. मी त्याला तिथे बसवलं आणि खांद्यावर हात दाबून ठेवला. सर धावत आले. "अहो, साधं खरचटलंय! त्याला सोडा."

"नाय सोडणार."

"मास्तर, मी सांगतोय."

"सर, तुमी पुढचे बघा. मागचे माजे."

त्यानंतर लगेच दोन गोल झाले. सामना गेला. त्या मुलाला काहीही झालेलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी तो वर्गात हसत बसला होता. आठवड्याने प्राचार्यांनी मला बोलावलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "तुमचं मन आम्ही समजतो. पण मुलांना वाटतं, तुम्ही घाबरता. त्यांच्यात ते उतरतं. आता तुम्ही जरा विश्रांती घ्या." मी बरं म्हटलं आणि नळ्या धुवायला परत गेलो. चार हिवाळे मी मागची फळी सांभाळली. एवढंच ते सगळं.

रिकाम्या संध्याकाळी मला झेपेनात. मनात एकच गोष्ट घोळायला लागली, की त्या बापाला खरं सांगितलं पाहिजे. बायकोला विचारलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "सांगून कोणाक बरा वाटतला? तेंका, की तुमका?" मी रागावलो.

पुढच्या दिवाळीनंतर एका रविवारी मी एस्टीने धामापूरला गेलो. वडील खळ्यात सुपारी सोलत होते. आई घरात नव्हती, देवळात गेली होती. मला वाटलं, हीच वेळ. चहाची वाट न बघता मी सगळं सांगितलं. तो उठून उभा राहिला, त्याने मला विचारलं आपण कुठल्या बाजूला खेळतोय, मी हसलो, मी त्याला परत पाठवला. डोक्याला मार लागलेला माणूस असं विचारतो तेव्हा त्याला निजवायचं असतं, हे मला तेव्हा कळलं नाही. कळायला हवं होतं. मुंबईत सात वर्षं खेळलो होतो.

ते सोलत होते ते थांबले. कोयता खाली ठेवला. मी वाट बघत होतो, की शिव्या देतील, हाकलून देतील, निदान रडतील. ते एवढंच म्हणाले, "ह्या माका कित्याक सांगलात, मास्तर?"

मी हात जोडले.

"तीन वर्सां मी सांगत इलंय, देवाचा देवान नेल्यान. तेच्या आवशीक पण ताच सांगान जेवूक बसयतंय. आता मी तिका काय सांगू?"

"तिका सांगू नकात," मी म्हटलं.

"म्हणजे आता माका एकट्याक," ते म्हणाले. सुपाऱ्या गोळा करून टोपलीत भरल्या, टोपली उचलली आणि आत गेले. मी तिथे बसून राहिलो. थोड्या वेळाने उठून तळ्याच्या बांधावरून निघालो. वाटेत त्याची आई भेटली, देवळातून येत होती. "लगेच खंय चललात? च्या घेतल्यात काय?" तिने विचारलं. मी "हो" म्हटलं.

त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही, आणि त्यांच्याकडूनही कोणी आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मालवणच्या बाजारात ते मला दिसले. डोक्यावर फणस होता. मला वाटलं, बघून वळतील. पण ते माझ्यासमोर येऊन थांबले. फार वाळले होते. "बरे आसात मां?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात मागून एक हातगाडी आली, त्यांना बाजूला व्हावं लागलं, आणि ते तसेच गर्दीतून पुढे गेले.